टॉक टॉकचा 'लाफिंग स्टॉक': दिवाळी ते आषाढ ऐकल्यानंतर

दिवाळीच्या बोनसमधून 'लाफिंग स्टॉक'ची नवी छापलेली एलपी मागवली. साडेतीन हजार रुपये मोजले. आता आषाढ सरत आलाय. लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं, पण गेल्या आठवड्यात विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं आणि आता गप्प बसवत नाही. 'लाफिंग स्टॉक' हा टॉक टॉक या ब्रिटिश बँडचा १९९१ चा अल्बम, १९८४ चं 'इट्स माय लाइफ' गाणारे ते हेच. एवढं सांगून थेट मुद्द्यावर येते.

पहिल्या बाजूच्या अगदी सुरुवातीला दर फेरीला एक 'टिक्' येते. मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या, म्हणजे दर १.८ सेकंदांनी एक. दुसऱ्या कुठल्या रॉक रेकॉर्डवर मी हे खपवून घेतलं असतं, ड्रमखाली कुठल्या कुठे दडून जातं. पण इथे पहिलं गाणं, 'मर्मॅन', सुरूच होतं ते अ‍ॅम्प्लिफायरच्या नुसत्या 'सूं' आवाजाने. पंधरा-एक सेकंद दुसरं काही नाही. मग गिटारचा पहिला झंकार येतो, तोही दबकत. ख्यालाच्या मैफलीत तंबोरे लागल्यावर गवई लगेच तोंड उघडत नाही, ते क्षण ज्याला आवडतात त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. त्या पंधरा सेकंदांत माझ्या प्रतीवर आठ-नऊ वेळा टिक् होते.

विक्रेत्याला रेकॉर्डिंग करून पाठवलं. उत्तर: "मॅडम, नव्या रेकॉर्डला एवढं असतंच. आवाज जरा वाढवा, लक्षातही येणार नाही." आवाज वाढवला की टिक्‌ही वाढते, हे रेकॉर्ड विकणाऱ्याला सांगावं लागावं! पुढच्या मेलमध्ये त्याने माझ्या सुईवर ढकललं. मग लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या कारागिराकडे टर्नटेबल घेऊन गेले. त्यांनी सुईचं वजन तपासलं, कोन तपासला, माझ्या घरची दुसरी रेकॉर्ड लावून बघितली आणि मग भिंग काढून खाचेतला बारीकसा फोड दाखवला. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, प्लास्टिकमध्येच उमटलेला. "ताई, हा छपाईचा दोष. धुऊन जायचा नाही." तो फोटोही पाठवला. महिनाभर शांतता.

इतकं लावून धरण्याचं कारण या अल्बमच्या घडणीतच आहे. उत्तर लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ, मूळचं चर्चचं सभागृह. बँडचा गायक मार्क हॉलिस, निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन आणि ध्वनिमुद्रक फिल ब्राउन यांनी तिथली घड्याळं काढून टाकली, उजेड बंद केला, भिंतींवर तेलाच्या रंगांचा प्रोजेक्टर फिरत ठेवला आणि महिनोन्‌महिने काम केलं. पन्नासेक वादक येऊन वाजवून गेले. अंतिम अल्बमवर उरले अठरा. बाकीच्यांचं काम पुसलं गेलं. ली हॅरिसच्या ड्रमचा मायक्रोफोन बराच लांब ठेवलेला, म्हणून ड्रमबरोबर खोलीची हवाही ऐकू येते. हॉलिसचं म्हणणंच होतं की दोन सुरांपेक्षा एक सूर बरा, आणि एका सुरापेक्षा शांतता बरी. त्याने जी शांतता इतकी निगुतीने राखली, तीच माझ्याकडे फोड येऊन पोचली. चीड येणार नाही तर काय?

आता खुद्द अल्बमबद्दल. बहुतेकांचं मत याच बँडचा आधीचा अल्बम 'स्पिरिट ऑफ ईडन' (१९८८) श्रेष्ठ आणि हा त्याचा अवघड धाकटा भाऊ. मला हे अजिबात पटत नाही. 'ईडन' सुंदर आहे, पण त्यात वाट दाखवणारे हात आहेत. सूर चढतो, वाद्यं भरून येतात, श्रोत्याला मोबदला मिळतो. 'लाफिंग स्टॉक' ते करत नाही. 'ईडन'मधून एकही हिट गाणं निघालं नाही, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करारावरून कोर्टकचेरी झाली, बँड त्यातून सुटला आणि पॉलिडॉर या दुसऱ्या कंपनीकडे गेला. पॉलिडॉरने हा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये व्हर्व्ह या जॅझच्या लेबलवर काढला. ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत २६ व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि विषय संपला. पुढे पोस्ट-रॉक म्हणून (रॉकचीच वाद्यं, पण रॉकसारखं न वाजणारं संगीत) जे काही नावारूपाला आलं, त्यातल्या कित्येकांनी इथून पाणी भरलंय, पण नाव निघतं ते शिष्यांचं.

"अर्धवट वाटतो" ही दुसरी तक्रार. ती बहुधा 'असेन्शन डे'मुळे. गिटार खरखरत, ओरखडत वाढत जाते, सगळं कल्लोळाला पोचतं आणि सहाव्या मिनिटाला, सुरी फिरवावी तसं तोडलंय. उतार नाही, शेवट नाही. पहिले दोन महिने मला तो राग यायचा, फुकटची दांडगाई वाटायची. नाताळनंतर कधीतरी मत बदललं, कारण लगेच सुरू होणारं 'आफ्टर द फ्लड' त्या तुटण्याशिवाय उभंच राहत नाही. इतक्या हळू, इतकं खालून ते उगवतं की आधीचा कल्लोळ अर्धवट कापलेला असेल तरच कान तेवढे उघडे राहतात. त्याच गाण्यात मध्यावर एकच सूर मिनिटभर ताणून, पिळवटून वाजवलाय. सोलो म्हणायचा तर तो एवढाच. मला त्यातलं एक सेकंदही कमी नकोय.

'टॅपहेड' मात्र अजून जमलेलं नाही. मधल्या पितळी वाद्यांचा भाग ठीक, पण बाकी पोकळी वाटते, आणि इथे ती मोकळीक नसून नुसता रिकामेपणा आहे. मानणारे खूप आहेत, मी त्यांच्यात नाही.

'न्यू ग्रास'साठी मात्र शब्द जपून वापरत नाही. जवळजवळ दहा मिनिटं ड्रम एकाच चालीत, न थकता, न दाखवता चालतो. त्यावर गिटारचे दोन-चार सूर, मध्येच ऑर्गन, मध्येच पियानो, आणि हॉलिसचा आवाज, जो शब्द नीट उच्चारायचंही टाळतो. काहीच घडत नाही आणि तरी संपू नये असं वाटतं. आईचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात घरी आल्यावर मी हेच लावत होते. रॉकमध्ये इतकं निर्मळ मी दुसरं ऐकलेलं नाही.

वापराच्या दृष्टीने सांगायचं तर लोकलमध्ये हा अल्बम ऐकू नका, अर्धा ऐकूच येणार नाही. एप्रिल-मे मध्ये पंखा चालू ठेवून 'मर्मॅन' ऐकणंही निरर्थक. मी रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, घामाघूम होऊन ऐकलंय. स्ट्रीमिंगवर आवाज समान करण्याची सोय असते, ती बंद करा. हळू आणि जोरात यांतलं अंतर हाच इथला जीव आहे.

आणि एलपी? दिवाळीत मी एलपीच घ्या म्हणून सगळ्यांना सांगत होते. आता सांगते, सीडी घ्या. त्रेचाळीस मिनिटं सलग, टिक् नाही, फोड नाही. मला जुनी सीडी सहाशेला मिळाली आणि पहिल्यांदा ती 'सूं' निर्वेध ऐकली, तेव्हा साडेतीन हजारांचं जास्तच वाईट वाटलं.

विक्रेत्याने शेवटी अर्धे पैसे परत केले, ते बदली प्रत "उपलब्ध नाही" म्हणून. मी ते घेतले आणि पुन्हा त्याच्याकडून काही मागवणार नाही असं कळवलं. एलपी विकायला मात्र काढलेली नाही. दुसरी बाजू स्वच्छ आहे आणि 'न्यू ग्रास' त्या बाजूला आहे.