दहा भरू की एकवीस? सोलापुरातल्या धावणाऱ्या आईसाठी

"वहिनी, फॉर्मची शेवटची तारीख परवा आहे. दहा भरू की एकवीस?"

शहरातल्या जुळे सोलापूर भागातून नणंदेचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या डब्यासाठी कणीक मळत होते. तिची मुलगी पाच वर्षांची, नोकरी दहा ते सहा, धावायला लागून आठ महिने झालेले. सहा किलोमीटर न थांबता, धाप न लागता जाते. मी म्हटलं, जेवणं उरकून निवांत बोलते. धावण्याच्या स्पर्धेत दहा किलोमीटरचा फॉर्म भरायचा की एकवीसचा, चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे होता, तेव्हा मी कुणाला न विचारता एकवीस भरलं होतं. त्या घाईची किंमत घरातल्या सगळ्यांनी मोजली. तिला त्या रात्री जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. घर, नोकरी आणि मुलं सांभाळून धावणाऱ्या बऱ्याच जणी याच जागी अडतात.

आधी रविवार मोजा

दहा आणि एकवीस यांत फरक अकरा किलोमीटरचा दिसतो. घरात तो फरक रविवारचा असतो.

दहा किलोमीटरसाठी आठवड्यातले तीन दिवस पुरतात. मंगळवारी आणि गुरुवारी चाळीस-चाळीस मिनिटं, आणि रविवारी थोडं लांब, म्हणजे सहापासून वाढवत नऊ-दहापर्यंत. किलोमीटरला साडेसात मिनिटं धरली तरी रविवारी सव्वा तासात काम होतं. साडेपाचला बाहेर पडलात तर सातला घरात. पोरं अजून पांघरुणातच असतात. आठवड्याचे मिळून पावणेतीन तास. सहा किलोमीटर आत्ताच जमत असतील तर आठ-दहा आठवड्यांत तयारी होते.

एकवीसचा हिशेब वेगळा. नेमकं अंतर २१.०९७५ किलोमीटर. त्यासाठी आठवड्याला चार दिवस लागतात, आणि रविवारची लांब धाव दहापासून हळूहळू सतरा-अठरापर्यंत न्यावी लागते. लांब धाव सावकाश करायची असते. किलोमीटरला आठ मिनिटांच्या चालीने अठरा किलोमीटरना दोन तास चोवीस मिनिटं होतात. त्यात जाणं-येणं, अंग ताणणं, अंघोळ धरली की पाच ते साडेआठ गेले. नंतर दुपारी डोळे मिटायला लागतात ते वेगळंच. सहा किलोमीटरवर असलेल्या बाईला असे चौदा ते सोळा रविवार हवेत, आणि आठवड्याचे पाच-साडेपाच तास.

आता कालनिर्णय काढून बसा. आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या स्पर्धा थंडीत असतात, म्हणजे तयारी येते गणपती, नवरात्र, दिवाळी, सहामाही परीक्षा आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांवर. मी हे मोजलंच नव्हतं. सोळापैकी सात रविवार माझ्या हातातून गेले. दोन लग्नं, एकदा थोरल्याचा ताप, दिवाळीचे दोन, बाकीचे असेच. सगळ्यात लांब धाव झाली ती तेरा किलोमीटरची, आणि तेवढ्यावर मी स्पर्धेला उभी राहिले.

सतराव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला दुभाजकाला धरून उभी राहिले, एका काकूंनी पाय दाबून दिला. उरलेलं अंतर चालत काढलं. पदक मिळालं, पण पुढचे आठ-दहा दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. आणि ज्या सात रविवारी धावता आलं नाही, त्या प्रत्येक रविवारी मी घरात चिडचिड केली होती. धाकटी एकदा म्हणाली, "आई, तू पळून आलीस की छान बोलतेस." त्यातला अर्थ मला फार लागला.

तुळजापूरला चालत जाते, मग एकवीस का नाही?

नणंदेचा मुख्य मुद्दा हाच होता. कोजागरीला ती दरवर्षी सोलापूरहून तुळजापूरला चालत जाते, पंचेचाळीस किलोमीटर. आपल्या भागातल्या हजारो बायका जातात. त्यांच्या पायांत किती चिकाटी असते हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि धावायला लागणारीला त्या सवयीचा फायदाही होतो. लांब अंतराची भीती गेलेली असते.

पण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही उचलले जातात आणि दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर उतरतो. गुडघा, नडगी आणि टाचेखालची शीर यांना त्याची सवय हळूहळू लागते. दम आधी वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागून तयार होतात. म्हणूनच सहा किलोमीटर आरामात धावणारीला आपण दहासुद्धा सहज धावू असं वाटतं, आणि ते बरोबर असतं. एकवीस धावू असंही वाटतं, आणि तिथे गडबड होते.

दुसरं म्हणजे अंगातली शिदोरी. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दीड-दोन तास पुरते. दहा किलोमीटर त्याच्या आत संपतं. एक केळं किंवा तीन-चार खजूर खाऊन गेलात तरी भागतं, मध्ये फक्त पाणी लागतं. एकवीसला आपल्यासारख्यांना अडीच-पावणेतीन तास लागतात, म्हणजे धावता धावता खाणंही शिकावं लागतं. तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. ते पोटाला झेपतंय का, हे लांब धावांच्या दिवशी करून बघायचं असतं, ऐन स्पर्धेत नाही. मला चिक्की चालली नाही, तोंड कोरडं पडून घास गिळवेना. खजूर आणि लिंबू-साखर-मिठाचं पाणी चाललं. ओआरएस घेणार असाल तर पाकिटावर दिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, दाट करू नका. आणि आदल्या रात्री शेंगाचटणी-तेल जरा आवरतं घ्या. परत आल्यावर कडक भाकरी, दही आणि चटणी हवी तेवढी खा, त्यासारखं सुख नाही.

पहाट की संध्याकाळ

यात सोलापूरचं ऊन निम्मा निर्णय घेतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि संध्याकाळी सूर्य कलला तरी डांबर तापलेलंच असतं. खालून वाफ लागल्यासारखं होतं. उन्हाळ्यात संध्याकाळची धाव मी सरळ बाद धरते. मेमध्ये सहाच्या आधी उजाडतं, म्हणजे पाचला निघालं की सहाला घरात येता येतं. नव्या उकाड्याची शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या दिवसांत वेग विसरून जायचा.

ऊन सगळ्यांना सारखंच असतं. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन उष्म्यामुळे उत्तरेकडे सप्पोरोला नेली होती, आणि तिथेही ७ ऑगस्ट २०२१ रोजी बायकांची शर्यत सातऐवजी सहाला सुरू केली. केनियाची पेरेस जेपचिरचिर ती २ तास २७ मिनिटं २० सेकंदांत जिंकली. तेव्हा तिची मुलगी साधारण चार वर्षांची होती. जगातल्या सगळ्यात तयारीच्या बायकांसाठी वेळ एक तास अलीकडे ओढली जाते, तर आपण तापलेल्या रस्त्यावर हट्ट कशाला करायचा?

थंडीत गणित उलटं होतं. जानेवारीत उजाडायला सात वाजतात आणि शाळेची रिक्षा दारात त्याच सुमाराला येते. म्हणजे पहाटेची धाव पूर्ण अंधारात. होटगी रोडला किंवा विजापूर रोडला अंधारात एकटीने जाऊ नका. कुत्री आणि ट्रक, दोन्हींचा त्रास असतो. थंडीत मी मधल्या वारी ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी पार्क मैदानाकडे जाते आणि रविवार फक्त पहाटेचा ठेवते, तोही चौघी-पाच जणी मिळून. संभाजी तलावाच्या बाजूला, आपल्या कंबर तलावाला, सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते. नव्याने धावणारीला तिथे धीर येतो.

आणि पाण्याचा दिवस. बाहेरगावच्या धावपटूला हे कळणार नाही, पण सोलापुरात धावण्याचं वेळापत्रक नळ ठरवतो. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं, कधी पहाटे साडेचारला. त्या दिवशी बूट घालून तयार असले तरी आधी मोटर लावायची, हौद भरायचा, पिंपं भरायची, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. हौद भरल्याचा आवाज बदलेपर्यंत अंगणातच दोरीच्या उड्या आणि बैठका मारते. दहाच्या वेळापत्रकात एक दिवस असा इकडे-तिकडे झाला तर चालतं, मंगळवारची धाव बुधवारी होते. एकवीसच्या चार दिवसांत सरकवायला जागाच राहत नाही.

अंगाचं आधी बघा

माझ्या त्या पहिल्या एकवीसच्या वेळी हिमोग्लोबिन ९.८ होतं आणि मला ते माहीत नव्हतं. दम लागायचा तो वयाचा समजत होते. बिगरगर्भवती बाईला १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये तो आढळला, म्हणजे आपल्यातल्या निम्म्याहून जास्त. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर मी त्या सकाळच्या चहाबरोबर घेत होते. चहाने लोह अंगी लागत नाही, हे महिन्याने कळलं. नंतर लिंबूपाण्याबरोबर घेतल्या आणि तीन महिन्यांनी त्याच रस्त्यावर तोच वेग किती हलका वाटला ते सांगून पटणार नाही. फॉर्म भरण्याआधी रक्त तपासा. आकडा कमी आला तर एकवीस या वर्षी नको.

एक गोष्ट बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणानंतर धावताना, खोकताना लघवीचा थेंब सुटतो. हे खूप जणींना होतं, आणि पॅड लावून धावत राहणं हा त्यावर उपाय नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात, ते व्यायामाने घट्ट होतात. फिजिओथेरपिस्टकडे जा, संकोच करू नका. अंतर वाढलं की हा त्रासही वाढतो, म्हणून तो मिटेपर्यंत दहाच बरं. नुकतंच बाळ झालं असेल तर किमान तीन महिने धावणं सुरूच करायचं नसतं, आणि सिझेरियन असेल तर डॉक्टरांच्या परवानगीनेच.

बुटांवर दोन्हीकडे सारखाच खर्च. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, कारण पाय सुजतो. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बदला. चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटाइतकीच गरजेची आहे.

कुठे धावायचं

पहिली स्पर्धा गावातली किंवा जवळची असावी, हे माझं ठाम मत. पहाटे स्वतःच्या घरातून निघावं आणि नऊला परत यावं. मुलं शेवटच्या वळणावर उभी राहू शकतात, आणि ते बघायला मिळणं मोठी गोष्ट आहे.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, साधारण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. हवा छान असते, पण स्पर्धा पहाटेची असल्याने शनिवारीच जावं लागतं, म्हणजे एक मुक्काम आला. मुंबईची जानेवारीत, बहुधा तिसऱ्या रविवारी. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधीच्या दिवसांत जाऊन घ्यावा लागतो, म्हणजे शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस. ही तारीख आपल्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागेच पडते. घरात पाहुणे, नंदीध्वज, संक्रांतीचं वाण, आणि सून मुंबईला, हे आधी घरात बोलून घ्यावं लागतं. शिवाय आपल्या कोरड्या हवेच्या सवयीला तिथली दमट हवा जड जाते. घाम येतो पण वाळत नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन मैत्रिणी फार सुचवतात. यवतेश्वर घाटाचा देखणा रस्ता आहे, पण पहिल्या एकवीससाठी मी तो सुचवणार नाही. आपण सपाटीवर तयारी करणाऱ्या. चढ निभतो, उतरताना मांड्या बोलायला लागतात.

वेळमर्यादाही बघा. एकवीसला बऱ्याच ठिकाणी तीन ते साडेतीन तास देतात. सरावात आठ मिनिटांची चाल टिकत असेल तर मधे थोडं चालूनही जमतं, साडेनऊची असेल तर तिथे उगीच जिवाला घोर लागतो.

मग एकवीस कुणी भरावं? जिने दोन वेळा दहाची स्पर्धा हसत संपवली आहे, जिचं रक्त बारा-साडेबाराला आहे, आणि जिच्या घरात कुणीतरी तोंडाने म्हटलंय की पुढचे चौदा रविवार सकाळी मुलांचं मी बघतो किंवा बघते. "बघू", "करू काहीतरी" हे उत्तर धरू नका. माझ्या सासूबाईंनी दुसऱ्या वेळी स्वतः कॅलेंडरवर खुणा केल्या, कोणत्या रविवारी त्या पंढरपूरला जाणार ते आधी सांगितलं, आणि त्या वर्षी मी एकवीस पूर्ण धावले. २ तास ४४ मिनिटं. दुपारी चौघांनी मिळून घरीच जेवण केलं आणि संध्याकाळी मी धाकटीला घेऊन बागेतही गेले.

नणंदेला मी दहा सांगितलं. ती जरा नाराज झाली, म्हणाली, "ऑफिसातल्या सगळ्यांनी एकवीस भरलंय." मी तिला कॅलेंडर उघडायला लावलं आणि मोकळे रविवार फोनवर मोजायला सांगितलं. नऊ निघाले. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, दहाची पावती आणि खाली एक ओळ: "वहिनी, गुरुवारी आमच्याकडे पाणी आहे, बुधवारी पहाटे येऊ का तुमच्याबरोबर?"