निओनॅटली : न रडणाऱ्या बाळासाठी सराव करण्याची बाहुली

परदेशात माता व बालकांच्या आरोग्यासाठी छोटी संस्था काढली, तेव्हा पहिल्या वर्षी आम्हा पाच जणांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न हा होता, की जमलेल्या थोडक्या पैशांतून आधी काय घ्यावे. देणगीदारांचा ओढा इन्क्युबेटर आणि सोनोग्राफी यंत्र यांकडे होता, कारण अशा वस्तूंवर नाव कोरता येते. ज्या दोन आरोग्यकेंद्रांशी आमचे बोलणे चालले होते, तेथील सुईणींना विचारले तेव्हा मात्र त्यांनी यंत्राचे नावही घेतले नाही. बाळ जन्मल्यावर रडले नाही तर आमचे हातपाय गळतात, एवढेच त्या म्हणाल्या. म्हणून आम्ही निओनॅटली ही बाहुली घेतली. आता तिला दोन वर्षे होत आली आहेत आणि तिच्याविषयी पुरेशा अनुभवाने लिहिता येईल असे वाटते.

नॉर्वेमधील स्टाव्हांगर येथील लेअर्डल ग्लोबल हेल्थ ही संस्था ना-नफा तत्त्वावर ही बाहुली बनवते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने इतर संस्थांसह २०१० मध्ये नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत कशी करावी हे शिकवणारे ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे प्रशिक्षण सुरू केले, आणि त्या प्रशिक्षणाचे मुख्य साधन हीच बाहुली आहे. रिकामी असताना ती घडी करून पिशवीत मावते. कोमट पाणी भरले की तिचे वजन सुमारे दोन किलो होते, मान लुळी पडते, हातपाय लोंबू लागतात, आणि ती हातात घेणाऱ्या अनुभवी सुईणीचाही चेहरा क्षणात गंभीर होतो. शिकवणारी व्यक्ती रबरी फुगे दाबून नाळेची नाडी चालवते, छाती हलवते, बाळाला रडवते. तिला ना वीज लागते ना बॅटरी.

या बाहुलीचा सर्वांत मोठा गुण असा, की ती खोटे यश दाखवत नाही. डोके मागे जास्त झुकले, पुढे वाकले किंवा मास्क गालाशी नीट बसला नाही, तर मास्कला जोडलेली हवेची पिशवी कितीही जोराने दाबली तरी छाती उचलली जात नाही. डोके सरळ आणि मास्क घट्ट असेल तेव्हाच ती वर येते. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात, ज्याला या प्रशिक्षणात ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात, बाळाला कोरडे करणे, पाठ चोळून जागे करणे आणि तरीही श्वास नसेल तर मास्कने हवा देऊ लागणे एवढे सगळे व्हावे लागते. ते एका मिनिटात बसवणे किती कठीण आहे, हे पुस्तक वाचून कळत नाही. बाहुलीवर पहिल्यांदा प्रयत्न करणाऱ्या आमच्या गटातल्या एका डॉक्टरांनाही दोन मिनिटे लागली होती.

सराव का हवा, हे साध्या हिशेबाने समजते. बहुतेक बाळे आपापली रडतात. पिशवी-मास्कने हवा देण्याची वेळ शंभरातील साधारण तीन ते सहा बाळांवर येते. महिन्याला तीस बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात असा प्रसंग महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी येतो, आणि तो पाळीपाळीने काम करणाऱ्या पाच सुईणींत वाटला गेला, तर एकीच्या वाट्याला कित्येक महिन्यांतून एकदा. इतक्या क्वचित वापरलेले कौशल्य हातात टिकत नाही.

टांझानियातील आठ रुग्णालयांत हे प्रशिक्षण दिल्यानंतर पहिल्या चोवीस तासांतील नवजात मृत्यू ४७ टक्क्यांनी आणि प्रसूतीच्या सुमारास होणारे मृतजन्म २४ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही हेच आकडे दाखवून देणग्या मागितल्या. त्याच देशातील हेडम येथील रुग्णालयाचा अनुभव मात्र आम्ही उशिरा वाचला, आणि तो आधी वाचला असता तर आमचे पहिले वर्ष वाया गेले नसते. तेथे एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर बाहुलीवरची कामगिरी सुधारली, पण प्रसूतीकक्षातील वागणूक तशी बदलली नाही. पुढे कामाच्या जागीच वारंवार, थोडा थोडा वेळ सराव सुरू झाला तेव्हा मृत्यू कमी झाले.

एकदाच शिकवून थांबण्याची हीच चूक आम्ही केली होती. दोन दिवसांचे शिबिर घेतले, प्रमाणपत्रे वाटली, छायाचित्रे काढली आणि परतलो. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा बाहुली कुलूपबंद कपाटात होती, आत राहिलेल्या पाण्याला बुरशीचा वास येत होता. दोष बाहुलीचा नव्हता, सुईणींचाही नव्हता. वस्तू महाग आहे आणि हरवली तर जबाब द्यावा लागेल, अशी भीती आमच्याच पावती-पुस्तकाने त्यांच्यात घातली होती. आता ती प्रसूतीच्या टेबलाशेजारी उघड्या फळीवर असते, पाळी बदलताना दोघी जणी पाच मिनिटे सराव करतात, आणि आठवड्याच्या शेवटी ती रिकामी करून वाळवली जाते.

घेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माल पाठवण्याआधी त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाकडून सीमाशुल्क-माफीचे पत्र हाती घ्यावे. ते नसल्यामुळे आमचे खोके बंदरात सात आठवडे पडून राहिले. बाहुलीबरोबर सरावासाठी येणारी साधने बाळांसाठी वापरू नयेत. खऱ्या बाळांसाठी अँबू बॅग (हाताने दाबून हवा देण्याची पिशवी), शून्य आणि एक क्रमांकाचे मास्क आणि बाळाच्या नाकातोंडातील स्राव ओढून काढणारा, उकळून पुन्हा वापरता येणारा पेंग्विन सक्शन वेगळा मागवावा, नाहीतर शिकलेला हात रिकामाच राहील. ही साधी बाहुली हवा किती आणि किती वेगाने दिली याची नोंद ठेवत नाही, त्यामुळे शेजारी बारकाईने पाहणारे कोणीतरी लागते. नोंद ठेवणारी निओनॅटली लाइव्ह निघाली आहे, परंतु एक-दोन केंद्रांपुरते काम असेल तर माझ्या मते साधी बाहुली आणि एक चांगली ज्येष्ठ सुईण हीच जोडी सरस आहे. शिवाय आईच्या रक्तस्रावाविषयी ही बाहुली काहीच शिकवत नाही, आणि मातामृत्यूंत ते कारण फार मोठे आहे. एवढी एक वस्तू म्हणजे पूर्ण कार्यक्रम, असे देणगीदारांना सांगू नये.

वस्तू म्हणून मी तिला पूर्ण गुण देतो. दोन वर्षांत फक्त एका झडपेचे झाकण बदलावे लागले. आमच्या या वर्षीच्या अंदाजपत्रकात नव्या बाहुलीसाठी तरतूद नाही. ती रक्कम रोजचा सराव घेणाऱ्या दोन स्थानिक सुईणींच्या मानधनाला आणि मास्कच्या सुट्या संचाला ठेवली आहे.