बोनान्झा क्रीकची सोन्याची वाळू, ठाण्याच्या गॅलरीत धुतलेली

भाचा कॅनडाहून येताना ही पुडी घेऊन आला. पाव किलो वाळू, सोबत खाचा पाडलेली हिरवी प्लॅस्टिकची थाळी. मोजले ४० कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले अडीच हजार. पुडीवर छापलंय बोनान्झा क्रीक, क्लोंडाइक, म्हणजे वायव्य कॅनडातला सोन्यासाठी गाजलेला भाग. १८९६ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज कार्मॅक, स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली यांना सोनं गवसलं तो हाच ओढा. तिथली जमीन बारमाही गोठलेली. त्या काळी हिवाळाभर शेकोट्या पेटवून ती सैल करायची, खड्ड्यातून माती उपसून ढीग घालायचे आणि बर्फ वितळून पाणी सुटलं की लाकडी पन्हळीतून धुवायची. मी मात्र गॅलरीत घमेल्याशी पाट टाकून बसलो होतो.

जांभळी नाक्याजवळ चाळीस वर्षं सोनारकी केली. दुकानाचा केर आम्ही कधी फेकला नाही. केर धुऊन त्यातलं सोनं काढणारा झारेकरी यायचा, पैसे मोजून घेऊन जायचा. त्याचे हात आठवत थाळी तिरकी धरली, गोल गोल हलवली. हलकी वाळू काठावरून जाते, जड ते खाचेत बसतं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, पण बारीक पापुद्रा चक्क तरंगतो. माझे दोन कण असेच गेले! मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, बाकीचे मुकाट्यानं तळाला बसले. एवढं तरी पुडीसोबतच्या पत्रकात लिहायला हवं होतं.

शेवटी उरते काळी लोहयुक्त वाळू. ओलीवरच चुंबक फिरवाल तर सोन्याचा कणही सोबत जाईल. तव्यावर कोरडी करा, चुंबक आणि वाळूच्या मध्ये कागद धरा.

काट्यावर भरलं ६० मिलीग्रॅम. अर्धी गुंज! रंग बावीस कॅरटशेजारी फिका, पण ती लबाडी नव्हे. तिकडच्या सोन्यात मुळातच चांदी असते. माझी शंका वेगळी आहे. कण सगळे एका मापाचे, चाळणीतून काढल्यासारखे. ओढ्याला एवढी शिस्त कुठली? विकणाऱ्यानं वरून घातलेत, असं माझं मत.

पैसे वसूल होत नाहीत. पण नातू दोन तास मोबाइलशिवाय बसला. पाचपैकी साडेतीन.

ही म्हणाली, "आटवून माझ्या नथीला लावा." म्हटलं, एवढंसं मुशीलाच चिकटून राहील. धुतलेली वाळू मात्र तिला कुंडीत टाकू दिली नाही.