नाताळाआधी निघावं की जानेवारीत? अमेरिकी सैन्याचं बेसिक ट्रेनिंग आणि सणाची सुट्टी

अमेरिकेच्या आर्मीत जायचं पक्कं झालं, वैद्यकीय तपासणी पार पडली, आणि आता तारीख ठरवायची आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघायचं की नवीन वर्ष उजाडू द्यायचं? ग्रीन कार्डावरची आपली मुलंमुलीही भरती होऊ शकतात आणि होतात. अशा घरांत या दिवसांत एकच चर्चा असते, की नाताळाला पोर घरी असेल का. चर्चा स्वाभाविक आहे, पण तारीख त्यावर ठरवू नये असं मला ठामपणे वाटतं. डिसेंबरातला खंड ट्रेनिंगच्या कितव्या आठवड्यात येतो, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

आधी हा खंड समजून घेऊ. आर्मीचं बेसिक ट्रेनिंग, म्हणजे नव्या सैनिकांचं पहिलं प्रशिक्षण, दहा आठवड्यांचं असतं आणि ते चार ठिकाणी चालतं: साउथ कॅरोलायनातलं फोर्ट जॅक्सन, जॉर्जियातलं फोर्ट बेनिंग, मिसुरीतलं फोर्ट लेनर्ड वुड आणि ओक्लाहोमातलं फोर्ट सिल. डिसेंबरच्या मध्यानंतर या चारही ठिकाणी ट्रेनिंग साधारण दोन आठवडे बंद राहतं आणि जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा चालू होतं. कागदोपत्री याचं नाव ‘हॉलिडे ब्लॉक लीव्ह’, बोलण्यात सगळे ‘एक्सोडस’ म्हणतात. यामागचं मोठं कारण आहेत ड्रिल सार्जंट, म्हणजे ट्रेनिंग देणारे. रिक्रूट (नवे भरती झालेले) उठायच्या आधी हजर आणि दिवे मालवल्यावर घरी, असे त्यांचे दिवस वर्षभर चालतात. त्यांच्या बायकापोरांच्या वाट्याला ही सलग सुट्टी येते.

हे दोन आठवडे ट्रेनिंगमध्ये धरले जात नाहीत. म्हणजे दहाचे बारा होतात.

आता तारखांकडे बघा. सप्टेंबर संपता संपता निघालेला रिक्रूट रिसेप्शनचे, म्हणजे ट्रेनिंग सुरू होण्याआधीच्या नोंदणी-तपासणीचे, दिवस धरूनही बहुधा खंडाच्या आधी बेसिक संपवतो. पुढच्या कामाच्या ट्रेनिंगला गेला असला तरी तिथूनही त्याला हीच सुट्टी मिळते. शक्य असेल तर यासारखी तारीख नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघालं, तर खंड सहाव्या-सातव्या आठवड्यात येतो. तोवर रायफल हातात रुळलेली असते, कोण कुठे उभं राहायचं हे प्लॅटूनला, म्हणजे आपल्या तुकडीला, कळलेलं असतं. ‘द फोर्ज’ हा शेवटचा चार दिवसांचा मैदानी सराव मात्र बाकी असतो. अशा वेळी आलेली विश्रांती सोसते, काहींना तर ती मानवतेही.

अवघड आहे ते नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघणाऱ्यांचं. सुरुवातीचे आठवडे माणसाला मुळापासून हलवतात. फोन नाही, झोप तुटलेली, प्रत्येक हालचालीवर कुणाचा तरी आवाज. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शरीर आणि मन नुकतं त्याला सरावू लागतं, आणि नेमक्या तेव्हा दार उघडतं. दोन आठवडे घरचा पलंग, हातात फोन. परत आल्यावर जुळलेली घडी पुन्हा बसवायची, तीही नव्याने ताठ झालेल्या ड्रिल सार्जंटच्या समोर. पहिल्यांदा घर सोडताना पुढे काय आहे हे माहीत नसतं, म्हणून पाय उचलतो. दुसऱ्यांदा ते सगळं नेमकं माहीत असतं. घरच्यांनाही दुसरा निरोप जास्त जड जातो. तिसऱ्या आठवड्यातला हा निरोप आणि सातव्या आठवड्यातला निरोप यांची बरोबरी होत नाही, कारण सातव्यात शेवट डोळ्यांसमोर असतो.

इन्फन्ट्रीत (पायदळात) जाणाऱ्यांनी या हिशेबात फारसं पडू नये. त्यांचं ट्रेनिंग फोर्ट बेनिंगला एकसलग बावीस आठवड्यांचं आहे. उन्हाळा सरल्यावर निघालेल्या जवळपास प्रत्येकाला खंड लागतोच.

जानेवारीचं पारडं सरळ आहे: खंड नाही, मार्चअखेर मोकळे. सण घरच्यांबरोबर होतो आणि एकदाच निरोप घ्यावा लागतो. तोटा थंडीचा. फोर्ट लेनर्ड वुडला बोटं बधिर झालेली असताना नेमबाजी करायची म्हणजे काय, हे तिथे गेल्यावरच कळतं. फोर्ट सिलचा वारा बोचरा असतो, फोर्ट जॅक्सन त्या मानाने सौम्य. पण ठिकाण निवडणं सहसा आपल्या हातात नसतं, तेव्हा थंडी धरूनच चालावं. मिळालेले महिने धावण्यात घालवले तर जानेवारीचा रिक्रूट नोव्हेंबरच्यापेक्षा तयारीचा असतो. नुसते सोफ्यावर घालवले तर हा फायदा उरत नाही.

समजा तारीख हललीच नाही आणि तुम्ही खंडात सापडलात. मग दुसरी निवड येते: घरी जायचं की तळावर राहायचं? आर्मी ही मुभा देते. घरी गेलात तर रजा खर्ची पडते. सैन्यात महिन्याला अडीच दिवस, वर्षाला तीस दिवस रजा साठते. नोव्हेंबरात आलेल्याच्या खात्यात डिसेंबरात दोन-तीन दिवसच असतात, त्यामुळे खातं वजा होतं आणि पुढच्या महिन्यांत भरून निघतं. तिकीट स्वतःच्या खिशातून, आणि तेही विमानभाडं चढलेल्या दिवसांत. पगार दोन्हीकडे चालू राहतो.

तळावर राहिलात तर रजा कापली जात नाही. वेगवेगळ्या कंपन्यांतले (अनेक प्लॅटून मिळून होणाऱ्या तुकड्यांतले) मागे राहिलेले रिक्रूट एकत्र आणले जातात, ओळखीची प्लॅटून आणि ओळखीचे सार्जंट सोबत असतीलच असं नाही. फोन जास्त वेळ मिळतो, ओरडा कमी होतो, साफसफाई आणि रात्रीचा पहारा मात्र चालूच. नाताळाचं जेवण मोठं असतं आणि ते वाढायला वरिष्ठ अधिकारी गणवेशात उभे राहतात, ही जुनी प्रथा आहे. हे दिवस कठोर नसतात, पण लांबतात. रिकाम्या बॅरकमध्ये संध्याकाळ सरत नाही.

घर अमेरिकेत असेल आणि तिकीट झेपत असेल तर जा, असंच मी सांगेन. आईवडील भारतात असतील तर गणित वेगळं. परदेशी रजेला वेगळी परवानगी लागते, आणि बेसिकच्या मध्यावर ती मिळेल हे गृहीत धरून विमान आरक्षित करणं धोक्याचं आहे. अमेरिकेत एखादी मावशी, काका, जिवलग मित्राचं घर असेल तर तिथे जावं. नसेल तर तळावर राहण्यात कमीपणा काहीच नाही.

घरी गेल्यावर एक दिवसाआड तरी धावा. आर्मीच्या शारीरिक चाचणीत पाच प्रकार असतात: डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलणं), हात उचलून काढायचे पुशअप, स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी (धावणं, ओढणं आणि वजन वाहून नेणं), प्लँक (कोपरांवर शरीर ताठ धरून ठेवणं) आणि दोन मैलांची धाव. धाव सर्वांत आधी ढासळते. परतीचं शेवटचं विमान घेऊ नका. उशीर म्हणजे परवानगीशिवाय गैरहजेरी, आणि ती तीस दिवसांवर गेली की माणूस पळपुटा म्हणून नोंदला जातो. खोकला घेऊनही परतू नका. एका हॉलमध्ये पन्नास-साठ जण झोपतात तिथे श्वसनाचे आजार झपाट्याने पसरतात. ॲडिनोव्हायरसची लस २०११ पासून रिक्रूटांना पुन्हा दिली जाते ती याचसाठी.

इतर दलांची पद्धत वेगळी आहे. मरीनचे तेरा आठवडे, पॅरिस आयलंड किंवा सॅन डिएगो. नाताळाला घरी पाठवत नाहीत, सुट्टी मिळते ती बूट कॅम्प, म्हणजे त्यांचं हेच ट्रेनिंग, संपल्यावर, दहा दिवसांची. एअर फोर्सचं ट्रेनिंग सॅन अँटोनियोच्या लॅकलंडला साडेसात आठवड्यांचं. तिथल्या रिक्रूटांना सणाच्या दिवशी जेवायला घरी नेणारी शहरातली कुटुंबं ‘ऑपरेशन होम कुकिंग’मधून पुढे येत आली आहेत. नेव्हीच्या ग्रेट लेक्सला ‘अडॉप्ट-अ-सेलर’, कोस्ट गार्डच्या केप मेला ‘ऑपरेशन फायरसाइड’, दोन्हींचा हेतू तोच. अनोळखी घरात बसून आपल्या घरी फोन लावायला मिळणं ही त्या आठवड्यांत फार मोठी गोष्ट असते. तरीही एवढ्यासाठी दल बदलू नये. खंड नको एवढंच हवं असेल, तर जानेवारीची तारीख पुरते.

तारीख पुढे ढकलता येते का? डिलेड एन्ट्री प्रोग्रॅममध्ये, म्हणजे आधी सही करून नंतर निघण्याच्या सोयीत, सही केल्यापासून वर्षभरापर्यंतची मुदत असते, त्यामुळे विचारायला हरकत नाही. पण तुमची कामाची जागा त्या तारखेच्या वर्गाशी बांधलेली असते. तारीख सोडली की ती जागा दुसऱ्याला जाऊ शकते. लवकर निघण्याबद्दल बोनस कबूल झाला असेल तर तोही त्याच तारखेला चिकटलेला असतो.

म्हणून भरती अधिकाऱ्याला निघण्याची तारीख विचारून थांबू नका, ट्रेनिंगचा पहिला दिवस कधीचा तेही विचारा आणि तिथून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे आठवडे मोजा. सहा किंवा जास्त भरले तर बिनघोर निघा. चार किंवा कमी भरले तर जानेवारी मागा. जानेवारीत तेच काम मिळत नसेल आणि ते काम तुम्हाला मनापासून हवं असेल, तर मात्र नोव्हेंबरातच जा, कारण कराराची पुढची सगळी वर्षं त्याच कामात जाणार आहेत. तारीख बदललीच, तर नवी तारीख, काम आणि बोनस हे तिन्ही नव्या करारात छापलेले दिसल्याशिवाय जुनी तारीख सोडू नका.