गिफ्टला कव्हर, चार्जिंग स्टँड की स्ट्रॅप?

गेल्या दोन वर्षांत घरातले आणि मित्र मिळून चार जणांना मी फोनची पाच गिफ्टं दिलीयेत. दोन कव्हर, एक मॅग्नेटवालं चार्जिंग स्टँड आणि दोन स्ट्रॅप, म्हणजे फोन अडकवायच्या दोऱ्या. सगळी जवळचीच माणसं असल्यामुळे त्यांचे फोन येता-जाता दिसतात, कोण काय वापरतंय आणि कशावर धूळ बसलीय ते कळतं. त्यावरून माझं जे मत झालंय ते सांगतो. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, आणि तुमच्या माणसाच्या सवयी वेगळ्या असतील तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

टेम्पर्ड ग्लास आणि केबल धरल्या नाहीयेत, त्या कामाच्या आहेत पण पाकीट उघडल्यावर कोणाचा चेहरा खुलत नाही. पॉवर बँकही बाजूला ठेवली. ती द्यायचीच असेल तर एवढं बघा की घेणारा माणूस विमानाने फिरणारा असेल तर १०० वॉट-अवरच्या आतलीच घ्यायची (१०,००० एमएएचची साधारण ३७ वॉट-अवर भरते, म्हणजे काळजी नाही) आणि ती चेक-इन बॅगेत चालत नाही, जवळच्या बॅगेतच ठेवावी लागते हे त्याला सांगून ठेवा.

आता कव्हर. दिसण्यात कव्हरला तोड नाही हे आधीच मान्य करतो. चांगल्या लेदरचं कव्हर हातात घेतलं की फोनच वेगळा वाटायला लागतो, आणि खरं लेदर असेल तर हात लागून लागून कडांचा रंग गडद होत जातो, ते मला स्वतःला फार आवडतं. फक्त 'लेदर' लिहिलंय म्हणून घेऊ नका, पीयू लेदरचे (म्हणजे नकली, प्लास्टिकचा थर दिलेल्या लेदरचे) कोपरे काही महिन्यांत सोलायला लागतात आणि खालचं कापड दिसतं. पारदर्शक कव्हर तर गिफ्ट म्हणून मी देणारच नाही. ते बहुतेक टीपीयूचं (एक लवचिक प्लास्टिक) असतं, ऊन आणि उष्णतेने ते पिवळं पडतं, तो पिवळेपणा मटेरियलच्या आतला असतो त्यामुळे कितीही धुतलं, घासलं तरी जात नाही.

पण माझं कव्हरवरचं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. मॉडेल.

ताईच्या वाढदिवसाला कव्हर द्यायचं ठरवलं होतं, सरप्राइज. तिचा फोन आधीच्या कव्हरमध्ये, मागे नाव दिसत नाही, स्क्रीनला लॉक. तिला विचारलं तर तिला लगेच कळणार. म्हणून दाजींना विचारलं, ते म्हणाले, "अरे मागच्या वर्षी घेतला तोच, मोठावाला." मग कंपनी आणि नंबर त्यांनी आठवून सांगितला आणि मी बिनधास्त ऑर्डर केलं. आता गंमत अशी असते की एकाच नावाचा फोन ४जी आणि ५जी अशा दोन प्रकारांत येतो आणि नाव सारखं असलं तरी दोघांची बॉडी वेगळी असू शकते, कॅमेऱ्याचा चौकोन जरासा सरकलेला, बटणं थोडी वरखाली. प्रो, प्लस, अल्ट्रा ही शेपटं तर वेगळीच. मी ५जीचं घेतलं, ताईचा ४जी निघाला.

कव्हर तीन कोपऱ्यांत बसलं आणि चौथा कोपरा वर राहिला. आवाजाचं बटण कव्हरच्या भिंतीखाली गेलं. ताईला लगेच कळलं असणार, पण ती म्हणाली, "असू दे रे, बसेल हळूहळू," आणि पुढची पाच-दहा मिनिटं सगळ्यांशी गप्पा मारता मारता अंगठ्याने तो कोपरा दाबत राहिली. माझं मन राखायला. ते बघून मला जे वाटलं ते अजून विसरलो नाहीये. कव्हर परत करून बदलून मिळालं, त्या मॉडेलला तो रंग नव्हता म्हणून दुसऱ्या रंगाचं मिळालं, ते सगळं ठीक आहे, पण वाढदिवस होऊन गेला होता.

दुसरं कव्हर मित्राला दिलं, त्या वेळी सरळ त्यालाच मॉडेल विचारलं. बरोबर बसलं, त्याला आवडलं, पण देण्यातली मजा विचारतानाच संपली होती. आणि आठ महिन्यांनी त्याने फोन बदलला. लेदर नुकतंच कुठे छान दिसायला लागलं होतं आणि आता ते ड्रॉवरमध्ये पडलंय, कारण जुन्या फोनचं कव्हर दुसऱ्या कशालाच लागत नाही. म्हणजे कव्हरचं आयुष्य फोनएवढंच, आणि समोरचा माणूस फोन कधी बदलणार ते आपल्याला कुठे माहीत असतं.

स्टँड ह्या बाबतीत बरंच बरं. २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ बरोबर मॅगसेफ (मॅग्नेटने चिकटणारं वायरलेस चार्जिंग) आणलं, नंतर २०२३ मध्ये आलेल्या वायरलेस चार्जिंगच्या क्यूआय २ स्टँडर्डमध्येही तशीच मॅग्नेटची रिंग आली, त्यामुळे फोन ठेवला की आपोआप बरोबर जागी चिकटतो आणि १५ वॉटपर्यंत चार्ज होतो. वहिनीला मी असं स्टँड दिलंय आणि ती खूश आहे. पलंगाशेजारी फोन आडवा लावून ठेवते, आयफोनला आयओएस १७ पासून आडवं चार्जिंगला लावलं की मोठं घड्याळ दिसतं, तिने वेगळं अलार्मचं घड्याळ काढूनच टाकलं. फोन बदलला तरी स्टँड राहतं ही त्याची जमेची बाजू.

पण तीन गोष्टी बघून घ्या. एक, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आत मॅग्नेट नसतो, मग मॅग्नेटवालं कव्हर किंवा रिंग लागते, आणि वायरलेस चार्जिंगच नसेल तर स्टँड नुसतंच शोभेचं. म्हणजे मॉडेलचा प्रश्न इथेही थोडा आहेच. मागे बोटात अडकवायची ग्रिप चिकटवलेली असेल तरी चार्जिंग नीट होत नाही, ती रोज काढायला कोणी बसत नाही. दुसरं, बॉक्समध्ये ॲडॉप्टर बहुतेक वेळा नसतो, म्हणजे गिफ्ट उघडलं आणि सुरूच करता आलं नाही असं होतं, तो बरोबरच घेऊन द्या. आणि तिसरं महत्त्वाचं. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांना मॅग्नेटवालं काही देऊ नका. ॲपलच सांगतं की असा फोन आणि चार्जर पेसमेकरपासून १५ सेंटिमीटरहून लांब ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० हून लांब. मी काकांना स्टँड द्यायचं ठरवलं होतं ते ह्याच कारणाने रद्द केलं.

शिवाय एक माझं वैयक्तिक मत, स्टायलिश वस्तू चार लोकांत दिसायला हवी. स्टँड घरात राहतं. वहिनीचं स्टँड सुंदर आहे पण ते फक्त आम्हालाच माहितीय.

राहिला स्ट्रॅप. मनगटाचा लूप किंवा खांद्यावरून आडवी घ्यायची लांब दोरी. जुन्या बटणांच्या फोनला कोपऱ्यात एक बारीक भोक असायचं, त्यात लोक दोऱ्या, मणी, घुंगरू अडकवायचे, जपानमध्ये तर ह्याची केवढी हौस होती. स्मार्टफोन आले आणि बहुतेकांनी ते भोक काढूनच टाकलं. आता ते वेगळ्या वाटेने परत आलंय, २०२५ मध्ये आयफोन १७ बरोबर ॲपलनेही खांद्यावरून घ्यायचा स्ट्रॅप आणला, पण तो अडकवायला भोकं असलेलं कव्हर लागतं. मी म्हणतोय तो साधा प्रकार. एक पातळ चपटी पट्टी येते, ती कव्हर आणि फोनच्या मध्ये ठेवायची, तिचं कडी असलेलं टोक कव्हरच्या चार्जिंगच्या भोकातून बाहेर काढायचं आणि त्या कडीत दोरी अडकवायची. बास. फोन कुठला हा प्रश्न जवळजवळ संपतो, विचारावं लागत नाही, सरप्राइज राहतं.

तक्रारी इथेही आहेत. पट्टी जाड असेल तर चार्जरची पिन पूर्ण आत जात नाही, रात्री लावलेला फोन सकाळी तसाच. भाच्याला दिलेल्या स्ट्रॅपबरोबर धातूची पट्टी आली होती, तिने हेच केलं, मग कापडी पातळ पट्टी वेगळी घेऊन दिली, तेव्हापासून त्रास नाही. खालून उघडं असलेल्या कव्हरला स्ट्रॅप लागत नाही, आणि अगदी लिबलिबीत सिलिकॉन कव्हर असेल तर २०० ग्रॅमच्या आसपासचा फोन लटकल्यावर कव्हरमधूनच निसटू शकतो, म्हणून समोरच्याचं कव्हर जरा कडक कडांचं आहे ना एवढं नजरेने बघून ठेवा, ते न विचारता दिसतं. लहान मुलांना गळ्यातली दोरी देऊ नका, कुठे अडकली तर धोका असतो, मनगटाचा लूपच द्या. भाच्यालाही तोच दिलाय.

आणि दिसणं? मला वाटतं लोक इथे स्ट्रॅपला उगाच कमी लेखतात. विणलेली सुती दोरी, दोन रंगांची, टोकाला पितळी हुक, हे कपड्यांवर दागिन्यासारखं उठून दिसतं. रंग निवडायला माणूस माहीत असावा लागतो, मॉडेल नाही. ताईला दुसऱ्या वर्षी मी गडद हिरव्या आणि मोहरी रंगाचा घेतला कारण तिच्या निम्म्या कुर्त्यांवर तो जातो. तिने उघडला, तिथल्या तिथे कव्हर काढून पट्टी आत सरकवली, खांद्यावर अडकवला आणि आरशात बघून आली. कुठे काही दाबावं लागलं नाही.

कव्हर वाईट असं मी म्हणत नाही. समोरच्याने फोन नुकताच घेतलाय, मॉडेल तुम्हाला अगदी नक्की माहितीय, तर खऱ्या लेदरचं कव्हर जरूर द्या. रात्री डोक्याशी फोन ठेवणारा आणि मॅग्नेटवाला फोन असलेला माणूस असेल तर स्टँड. बाकी खात्री नसेल तेव्हा मी स्ट्रॅपच घेतो.

ताईने गेल्या महिन्यात फोन बदलला. नवीन कव्हर तिने स्वतःच्या आवडीचं घेतलं आणि जुन्यातली पट्टी काढून त्यात घातली. दोरी जिथे हातात धरते तिथे मोहरी रंग थोडा मळलाय. बदलून देऊ का विचारलं तर नको म्हणाली.