चढावर पुढचं नाक दाबायला विंच की पट्टा?

सातपुड्याच्या मुरमाड चढावर जिमनीसारख्या अखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) गाडीचं वजन मागे सरकतं, पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात, नाक वर येतं. यावर उपाय दोन: चासी आणि अ‍ॅक्सलमध्ये बांधायचा लिमिट पट्टा, किंवा मोटरने दोर गुंडाळून ओढणारा विंच.

लिमिट पट्टा फक्त अ‍ॅक्सल किती खाली लोंबकळावा ते ठरवतो. नाक खाली ओढत नाही. शॉकअ‍ॅब्सॉर्बर (शॉक) पूर्ण उघडल्यावरच्या लांबीपेक्षा इंचभर आधी पट्टा ताणला गेला पाहिजे, नाहीतर झटका शॉकलाच बसतो. नायलॉन वापरात थोडं वाढतं, म्हणून अधूनमधून मोजावं. खर्च किरकोळ.

विंच मात्र स्प्रिंग दाबून नाक खरंच खाली आणतो. २००० ते २५०० पौंड ओढणारा एटीव्हीचा (छोट्या क्वाड बाइकचा) विंच चासीच्या आडव्या क्रॉसमेंबरवर, दोर अ‍ॅक्सलच्या मधोमध. चढाआधी थोडा ओढायचा, माथ्यावर सोडायचा. खरी गोची इथेच: जास्त ओढला तर बंपस्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की अडवणारे रबरी ठोकळे) टेकतात, चाक दगडावर चढायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक दणका विंचच्या गिअरवर, ब्रेकवर जातो. ब्रेक घसरला तर ऐन चढात नाक उसळतं. विक्रेते ओढण्याची ताकद सांगतात, पण इथे धरून ठेवणं महत्त्वाचं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ड्रमवर (दोर गुंडाळला जातो त्या रिळावर) बसला की दोर घासून झिजतो, धुऊन तपासायचाच. बॅटरी, वायरिंग आणि रिले हा खर्च वेगळा.

शेतरस्ता, नाला आणि कधीतरी चढ असेल तर पट्टा पुरे. वारंवार उभे चढ स्पर्धेसारखे चढणाऱ्याने विंच लावावा, सोबत पट्टाही ठेवावा. थारच्या स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनला (प्रत्येक चाक वेगळं हलतं) मधला एक दोर चालत नाही. तिथे दोन्ही बाजूंना पट्टेच बरे.