पीपीएसवाला एनईओ-एम८एन: टिनाच्या घरात चालतो का?

एनईओ-एम८एन हा जीपीएस रिसीव्हर चालतो, फक्त मॉड्यूल टिनाखाली आणि अँटेना टिनावर हवा.

लाईन गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की इंटरनेटवरची वेळही जाते. अशा गावात उपग्रहावरून वेळ घेणारा घरचा एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरच्या बाकी यंत्रांना वेळ सांगणारा) कामाचा आहे. त्याला यू-ब्लॉक्सचा एनईओ-एम८एन बोर्ड आणि एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) पुरतो. बोर्ड घेताना किमतीआधी पीपीएसची, म्हणजे दर सेकंदाच्या सुरुवातीला नेमका एक ठोका देणारी, पिन पाहा. सगळीकडे मिळणाऱ्या निळ्या एनईओ-६एम बोर्डाला चारच पिना असतात. त्याचा वेळेचा संदेश ९६०० बॉडच्या वेगाने येतो, सेकंद उलटल्यावर शे-दोनशे मिलिसेकंदांनी पोचतो, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला तेवढं चालून जातं. मायक्रोसेकंद हवे असतील तर पीपीएसला पर्याय नाही. चिपच्या ३ नंबरच्या पिनवरून बारीक तार सोल्डर करता येते, पण हात बसलेला नसेल तर नादी लागू नका.

जोडणी सोपी आहे: पायच्या १ नंबर पिनवरून ३.३ व्होल्ट, ६ वर ग्राउंड, मॉड्यूलचा टीएक्स १० ला, आरएक्स ८ ला, पीपीएस १२ ला, म्हणजे जीपीआयओ १८ ला. सिरियल कन्सोल बंद करा. पाय ३ किंवा ४ असेल तर ब्लूटूथही, कारण चांगला यूआर्ट (सिरियल पोर्ट) त्यानेच अडवलेला असतो. पीपीएस-टेस्ट या कमांडमध्ये दर सेकंदाला ओळ दिसली की अर्धं काम झालं.

रिसीव्हर वाचणारा प्रोग्राम जीपीएसडी, आणि पायचं घड्याळ लावून नेटवर्कला वेळ देणारा क्रोनी. जीपीएसडीला ‘-एन’ द्यायचं विसरू नका. नाहीतर कोणी मागेपर्यंत तो रिसीव्हर उघडतच नाही, आणि क्रोनी शेअर्ड मेमरीतून वाचतो, मागत नाही. क्रोनीत एनएमईएला (रिसीव्हरच्या वेळेच्या संदेशाला) ‘नोसिलेक्ट’ आणि पीपीएसला ‘लॉक एनएमईए’ लावा. सेकंद कुठला ते एनएमईए सांगतं, तो नेमका केव्हा सुरू झाला ते पीपीएस. घरच्या नेटवर्कसाठी ‘अलाऊ’ची ओळ नसेल तर सर्व्हर कोणालाच उत्तर देत नाही. निम्म्या तक्रारी इथल्याच. सोर्सेसच्या यादीत पीपीएससमोर हॅश आणि तारा दिसला की जमलं.

चुंबकाचा अ‍ॅक्टिव्ह अँटेना टिनावर झकास बसतो, पत्राच त्याची बैठक होतो. कवेलूखाली कोरड्या दिवसांत फिक्स (उपग्रहांवरून जागा-वेळ पक्की होणं) मिळेलही, पावसात भिजलेल्या कवेलूंचा भरवसा नाही. तारेच्या लांबीची काळजी नको: ५ मीटरला साधारण २५ नॅनोसेकंद, वाय-फायचा डळमळीतपणा त्याच्या हजारो पट. मृगाच्या विजा सुरू झाल्या की केबल सोडवून ठेवा.

उन्हाचा त्रास वेगळाच. नवतप्यात कूलर चालू-बंद झाला की पायच्या क्रिस्टलची चाल बदलते आणि क्रोनीचा आलेख हलतो. पाय बंद कपाटात ठेवा, कूलरच्या झोतात नको.

पाय ३ आणि ४ मध्ये आरटीसी (लाईन गेल्यावरही चालणारं घड्याळ) नाही, म्हणून डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडा. एनईओच्या बोर्डावरची बॅकअप बॅटरी मेलेली असेल तर लाईन आल्यावर सुरुवातीची वेळ एक-दोन सेकंद चुकू शकते: जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे, आणि ही दुरुस्ती उपग्रहाकडून १२.५ मिनिटांतून एकदाच येते; तोवर चिप स्वतःतला जुना आकडा धरते.

नकली चिपाही फिरतात. यूबीएक्सटूल या कमांडने मॉन-व्हर (चिपची आवृत्ती सांगणारा संदेश) मागवा. उत्तर आलं नाही किंवा दुसरीच आवृत्ती दिसली, तर बोर्ड मुदतीत परत करा.